चार टक्के बॅटरी

“मॅडम, कोर्टात हसू आलं तर तुम्ही काय करता?”

न्यायाधीशबाईंना हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि माझ्या मालकिणीने कोर्टाच्या दुपारच्या सुट्टीत तो खरोखर विचारला. बाई म्हणाल्या, “मान खाली घालते आणि काहीतरी लिहीत बसते.” मालकिणीने हे उत्तर माझ्यावरून जगाला कळवलं. अर्ध्या तासात सातशे जणांना ते आवडलं. तिथून माझे दिवस पालटले.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा चेहरा आरशासारखा होता. पहिली तीन वर्षं मी तिच्या आईच्या पर्समध्ये काढली. आई कोर्टात टंकलेखक आहे. पुढे काचेला तडा गेला, वेळी-अवेळी बंद पडायची खोड लागली, आणि मी नववीतल्या लेकीकडे आलो. तिने मात्र माझं सोनं केलं. शाळेच्या सुट्टीत ती आईबरोबर कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसू लागली आणि ‘कोर्टातून थेट’ हे तिचं पान सुरू झालं.

“वकीलसाहेब तिसऱ्यांदा चष्मा शोधत आहेत. चष्मा कपाळावर आहे.”

“साक्षीदार शिंकला. कोणीही हरकत घेतली नाही.”

लोक पोट धरून हसायचे. मीही गरम व्हायचो, आनंदाने.

मग आमच्याच इमारतीतल्या लिफ्टवाल्या काकांचा खटला आला. सातव्या मजल्यावरच्या घरातून हार चोरीला गेला होता आणि संशय काकांवर. निकालाच्या दिवशी काका गळ्यापर्यंत बटणं लावून पिंजऱ्यात उभे होते.

निकालात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचतात, निर्णय शेवटी येतो. आईच्या पर्समध्ये मी हे शंभरदा ऐकलं होतं. बाईंनी सुरुवातच केली, “सरकारी पक्षाचं म्हणणं पुढीलप्रमाणे.” पण तेव्हा मालकीण पंख्याच्या कुरकुरीवर विनोद लिहीत होती. तिने मान वर केली तेव्हा बाई वाचत होत्या, “आरोपीकडे घराची चावी होती. आरोपीने हार घेतला.”

तिची बोटं धावली. “लिफ्टवाले काका दोषी!”

मित्रांनो, माझ्यात चार टक्के बॅटरी उरली होती. बंद पड, बंद पड, असं मी स्वतःला किती विनवलं! आयुष्यभर नको तेव्हा मान टाकणारा मी, त्या क्षणी मात्र तग धरून राहिलो. बातमी गेली.

वीस मिनिटांनी बाईंनी निर्णय सांगितला. चोरीच्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि काका तळमजल्यावर मिस्त्रीबरोबर होते, हे दुरुस्तीच्या वहीत लिहिलेलं होतं. काका निर्दोष! मालकीण पांढरीफटक पडली. लगेच तिने लिहिलं, “चूक झाली, काका…”

आणि मी बंद पडलो.

संध्याकाळी इमारतीत आलो तेव्हा लिफ्टला कुलूप होतं आणि काकांचं स्टूल कचऱ्याच्या डब्याशेजारी. काकू शेजारीच मोबाईल हातात धरून उभ्या होत्या. काका हळूच म्हणाले, “पोरी, ते तूच लिहितेस होय? आम्ही दोघं रोज वाचून हसायचो गं.”

घरी मला चार्जरला लावून तिने दुरुस्ती टाकली. ती अकरा जणांना आवडली. चुकीची बातमी तोवर दोन हजार जणांनी पुढे ढकलली होती.

“मीपण सगळ्या ग्रुपवर टाकली,” बाबा ओशाळून म्हणाले. “म्हटलं, आपल्या लेकीची बातमी!”

“बाबा!”

“वाचली तरी होतीत का?” आईने विचारलं. बाबा ताटात बघू लागले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. काच नवी बसवता येते. पण माझ्यावर कोणाचं नाव लिहाल, तर आधी शेवटपर्यंत ऐका. तुमची बोटं मला धरता येत नाहीत.

तिने मला तसंच चार्जरवर सोडलं आणि चपला घातल्या.

“आई, बाबा, आपल्या इमारतीत छत्तीस घरं आहेत. एकेका दाराची बेल वाजवून सांगणार आहे, काका निर्दोष आहेत आणि चूक माझी आहे. त्यांचं स्टूल परत जागेवर जाईपर्यंत मी जेवणार नाही.”

“अगं, नऊ मजले! लिफ्टला कुलूप आहे.”

“माहीत आहे. माझ्यामुळेच लागलंय ते. जिन्याने जाणार.”