कोणाची तरी राहिलीय

मी गळाची काठी बोलतेय. आता अर्धीच उरले आहे, पण ऐका.

माझा जन्म ईप्सिताच्या हातून झाला. जर्मनीत, येनाच्या विद्यापीठातलं ऑप्टिक्सचं शिक्षण तिने मध्येच सोडलं, त्या हिवाळ्यात. एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेडमध्ये बसून तिने बांबू चिरला, पट्ट्या तासल्या, चिकटवल्या, रेशमी धाग्याने आवळल्या. मुठीचं बूच स्वतःच्या तळहाताच्या बेताने घासलं.

घरी वडिलांनी, शशिकांतरावांनी, बोलणं टाकलं होतं. सारं आयुष्य लेन्सच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. मुलगी लोकांना मासे धरायला शिकवते, हे त्यांच्या तोंडून निघेना. आई सुलेखा तेवढी फोन करायची.

तिथल्या धरणाखाली ‘झाले’ नावाची नदी वाहते. धरणाच्या तळातून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही गारठलेलं, म्हणून ट्राउट मासा तिथे सुखात असतो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी माझ्या दोरीला बांधायची आणि पाण्यावर अलगद टेकवायची. हे शिकायला लांबून माणसं येत. मासा लागला की ती स्वतःवर खूश होत आणि सुटला की माझ्याकडे रागाने बघत. ईप्सिता नुसती हसायची.

मागच्या मे महिन्यात दोघे आले. चंद्रशेखर हे शशिकांतरावांचे पुण्यातले कॉलेजमित्र, स्टुटगार्टला मुलाकडे राहायला आलेले. मुलाच्याच नावाने त्यांनी ही सहल ठरवली होती आणि मित्राला चकित करायचं म्हणून कुठे जायचं ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. ईप्सिताला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं आणि शिकवणाऱ्याचं नावही विचारलेलं नव्हतं.

शशिकांतराव गाडीतून उतरले, तर समोर मुलगी उभी. मी तिच्या हातात होते. ती तोंड उघडणार, तोच त्यांनी हात पुढे केला.

"गुटन टाग," ते म्हणाले, अनोळखी माणसाला जर्मनमध्ये नमस्कार करावा तसं.

तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग तो हातात घेतला. "गुटन टाग."

दिवसभर ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलली. चंद्रशेखरांना नदीच्या नावाची मोठी गंमत वाटली. झाले ते झाले, असं म्हणून ते हसत होते. तू इंडियन का, असं त्यांनी तिला विचारलं. मी इथेच जन्मले, एवढंच ती म्हणाली. मग ते मित्राकडे वळून मराठीत बोलू लागले. मुलगी गोड आहे, पण आईबापांनी आपली भाषा शिकवायला हवी होती. तुझी ईप्सिता कशी आहे?

"मजेत," शशिकांतराव म्हणाले. "न्युरेम्बर्गला असते. मोठ्या कंपनीत आहे. कामातून वेळच मिळत नाही तिला."

ईप्सिता माझ्या दोरीला माशी बांधत होती. गाठ तिला पुन्हा बांधावी लागली.

दुपारी धरणाचा भोंगा वाजला. भोंगा झाला की पाण्याबाहेर यायचं, हे तिने सकाळीच बजावलं होतं. चंद्रशेखर आले. शशिकांतराव मात्र तिच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. ती हाका मारत होती, त्याही इंग्रजीत. पाणी चढलं, त्यांचा पाय गोट्यांवरून सटकला आणि ते ओढले गेले.

"ईपू!" ते ओरडले.

तिने मला पुढे केलं. त्यांनी माझं टोक धरलं आणि मी मोडले. पण त्या ओढीने ते तिच्या हाताच्या टप्प्यात आले होते. तिने त्यांना कॉलरला धरून काठावर खेचलं.

"काय ओरडलास तू?" चंद्रशेखरांनी विचारलं.

शशिकांतराव धापा टाकत होते. मुलगी समोर गुडघ्यांवर बसली होती, नखशिखांत भिजलेली. अजूनही वेळ गेलेली नव्हती.

"हिल्फे," ते म्हणाले. "हिल्फे म्हणजे मदत. जर्मनमध्ये."

ईप्सिता उठली. पिशवीतून कोरडे मोजे काढून तिने चंद्रशेखरांच्या हातात दिले.

"काका, हे यांना घालायला लावा," ती मराठीत म्हणाली. "यांना लगेच खोकला होतो."

चंद्रशेखर एकदा तिच्याकडे आणि एकदा मित्राकडे बघत राहिले, मग खाली मान घालून गाडीत जाऊन बसले. शशिकांतरावांनी मला उचललं. दुरुस्त करून आणतो, असं काहीतरी ते पुटपुटले. ती बाकीचं सामान आवरत राहिली.

तेव्हापासून मी त्यांच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या मागे उभी आहे. सुलेखा दर महिन्याला एकटीच ट्रेनने लेकीकडे जाते. चंद्रशेखरांचा पुन्हा फोन आला नाही. शशिकांतराव कधीकधी खाली येतात, माझी मूठ धरतात. ती त्यांच्या हाताला लहान पडते. फोन काढतात, नाव शोधतात, परत खिशात ठेवतात. खोकत वर जातात.

परवा इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर अडगळ काढत होता. ही काठी कोणाची, असं त्याने विचारलं.

"कोणाची तरी राहिलीय," शशिकांतराव म्हणाले.

अहो शशिकांतराव, माझं टोक नदीने नेलं त्याचं मला काही नाही. बांबू कधीतरी मोडायचाच. पण पोटच्या पोरीचं नाव तोंडातून यायला तुम्हाला बुडावं लागलं. एकदा कोरड्या जमिनीवर उभं राहून ते घेऊन बघा. मी कितीही दिवस उभी राहीन, मला वय नाही. तुम्हाला आहे.