बापूंचे ठिपकेवाले मासे

गिरिजाच्या हातून बापूंचे मासे मेले, तेव्हा ती नऊवारी नेसून शारजाला मैत्रिणीकडे, अनुपमाकडे, मंगळागौर खेळत होती. वार होता शुक्रवार. आखातात सणसुद्धा सुट्टी बघूनच येतात. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट, बाहेर नुसता जाळ.

बापू म्हणजे तिचे सासरे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते रत्नागिरीला गेले होते आणि जाताना सुनेला एवढंच बजावून गेले होते, “माझ्या खोलीतला एसी तेवढा बंद करू नकोस गं. त्यांना गार पाणी लागतं.”

‘ते’ म्हणजे टाकीतले मासे. बोटाच्या पेरांएवढे, मिशाळ, अंगावर कौलं रचावीत तसं चिलखत. बापूंनी घेतले ते शिंगाळ्याची पिल्लं समजून. कोकणातल्या माणसाला मासा ओळखता आला नाही, हे काय साधं दुःख आहे? शेवटी दुकानदार शौकतने हातात भिंग देऊन जात सांगितली. “ये पेपर्ड है, चाचा. काली मिर्च के दाने देखो.” तेव्हापासून त्या मिऱ्याएवढ्या ठिपक्यांचं कौतुक बापू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पुढे डोळ्यांवर पडदा आला आणि ठिपके गेले. “ऑपरेशन झालं की आधी ठिपके बघणार,” असं ते विमानतळावरही म्हणाले होते.

आणि गिरिजाने निघताना घरभर फिरून सगळे एसी बंद केले. नवी नवरी म्हणून ती दुबईत आली, तेव्हा ही शिस्त बापूंनीच तिला लावली होती. हात सवयीने चालला, लक्ष गजऱ्यात होतं. परतली तर खोलीची भट्टी झालेली आणि मासे वाळूवर आडवे. तिने एसी लावला, पाण्यात बर्फाचे खडे सोडले, रडली. खलास.

शौकत गावी गेलेला. दुसऱ्या दुकानातला म्हणाला, “सेम फॅमिली, मॅडम.” मिशा तशाच, चिलखत तसंच, पण अंग कोरं तांबूस. फरक तिला दिसला होता. दिसला, आणि मनात आलं, या वयात ऑपरेशन झालं तरी बापूंना असं कितीसं दिसणार? त्या विचाराची तिला तिथेच लाज वाटली. तरी मासे तिने घेतले आणि नवऱ्यालाही, यतीनलाही, सांगितलं नाही.

बापू आले ते बॅग दारात टाकून थेट टाकीपुढे बसले. बराच वेळ बसले. चहाचा कप हातात घेऊन गिरिजा मागे उभी होती.

“यतीन,” बापूंचा आवाज एवढासा झाला. “डॉक्टरांना फोन लाव रे. काहीतरी बिघडलंय.”

“अहो, विमानात पेपर वाचलात ना?” यतीन म्हणाला.

“पेपर दिसतो. यांचे ठिपके नाही दिसत.” त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. “पुन्हा पडदा धरला वाटतं. आता परत कापाकापी नाही सोसायची मला.”

यतीनने रिसीव्हर उचलला. गप्प राहिलं तर आपण सुटतो, हे गिरिजाला लख्ख कळत होतं. तिने कप टेबलावर ठेवला आणि यतीनच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

“डोळे चांगले आहेत तुमचे, बापू,” ती म्हणाली. “ठिपकेच नाहीयेत त्यांना. तुमचे मासे मी मारले.”

बापू वळले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता त्यांना सगळं दिसत होतं.