घाटाच्या अलीकडे

"स्वतःच्या चेडवाच्या बाळंतपणाक गेली नाय ती. म्हणे गाडी लागता! गाडी माका पण लागता. पिशवी घेवन बसतंय नि जातंय."

मी न्हाणीघरात अंगावर पाणी घेत होते आणि बाहेर चुलीत शेणी सारत माझी मोठी जाऊ शेवंती हे शेजारच्या तुळसाला सांगत होती. मधे फक्त पत्र्याचं दार. तांब्या वाजवून मी आत आहे हे कळवलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. मला ऐकू जावं म्हणूनच ती बोलत होती.

तिचं काही चुकत नव्हतं. आमची लेक रसिका घाटावर बेळगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी आंबोली घाट उतरू नका म्हणून बजावलं. मग आईनं वर जायला हवं होतं. मी गेले नाही. आज बाराव्या दिवशी बारसं, आणि काल रात्री रसिकाचा फोन. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आईला गाडी लागते, समजलं. चार वर्षं तेच ऐकतेय. बाबांना काय लागतं? माझं घर बघायला ते एकदाही आले नाहीत. उद्याही नाही आले तर मी समजायचं ते समजेन."

फोन स्पीकरवर होता. आमचे हे समोरच बसले होते. उठून ते गुरं नसलेल्या गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

आता खरं काय ते सांगते. मला गाडी लागत नाही. मालवणच्या किल्ल्यावर जाताना होडी पार आडवी व्हायला आली, लोक देवाचं नाव घेत होते, तेव्हा मी कांदाभजी खात होते. घाट लागतो तो ह्यांना. ह्यांना म्हणजे, ज्यांनी एकोणीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बारा आंबोली घाटात, त्यांना.

अपघात झाला होता का, असं कोणीही विचारील. नाही झाला. गाडी ठीक होती, ब्रेक ठीक होते. अकरा वर्षांपूर्वी, आषाढातल्या धुक्यात एका वळणावर ह्यांचे हात स्टेअरिंगवर गच्च झाले. गाडी पुढे न्यायची म्हटलं की छाती धडधडायची. कंडक्टरला म्हणाले, "इंजिन तापला." मग काय, उतारू बिचारे भर पावसात उतरले, बाटल्यांनी धबधब्याचं पाणी आणून इंजिनात ओतायला लागले. गार इंजिनात. "म्हातारी एक, तिना आपल्या नातवाच्या दुधाची बाटली धुवन पाणी आणल्यान," हे मला तिसऱ्या दिवशी सांगत होते, आणि एवढंच सांगताना रडले.

त्यानंतर ह्यांनी रक्तातल्या साखरेचं कारण काढून बिनघाटाची मालवण-कसाल गाडी मागून घेतली. घरी कोणी काही विचारलं नाही. रसिकाच्या लग्नानंतर पहिल्यांदा बेळगावला निघालो, तेव्हा दाणोलीच्या पुढे चढ सुरू झाला आणि ह्यांचं कपाळ ओलं झालेलं मी पाहिलं. पुढच्या सीटवर नवे व्याही बसलेले. मी ओरडले, "थांबव रे गाडी, माका ओकारी येता!" उतरले, रस्त्याकडेला ओणवी होऊन चांगली दहा मिनिटं खोटं ओकले. इतकं मनापासून, की व्याह्यांनी पाठ चोळून देण्यासाठी भाजीवाल्या बाईला हाक मारली. तिथून परत फिरलो.

ते एकदाचं केलं होतं. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवायला वाढावं लागतं. मी एकटी बेळगावला गेले असते, तर गाडी लागत नाही हे उघड झालं असतं. म्हणून नात जन्मली तरी मी इथंच.

बाकीच्यांना कळलं नसेल असंही नाही. मोठे दीर भाई ह्या धाकट्या भावाला कुठे कुठे घेऊन जायचे, पण गेल्या अकरा वर्षांत "चल, आंबोलीक जावया" म्हणाले नाहीत. असल्या गोष्टी आमच्याकडे उंबऱ्यातल्या चपलेसारख्या असतात. सगळे ओलांडतात, कोणी उचलत नाही.

न्हाऊन आले तर अंगणात शेवंतीची लेक संचिता गाडी पुसत होती. तीच चालवणार होती. शेवंतीनं माझ्यासाठी पुडकं बांधलं होतं: चार लिंबं, आवळासुपारी, धुऊन वाळवलेल्या अकरा प्लास्टिकच्या पिशव्या. "घे. आज ओकलंस तरी परत फिराचा नाय. मी पाठ धरतंय," म्हणाली. मघाशी शिव्या घालणारीही तीच.

हे नवा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. बटणं एक घर सोडून लागली होती.

घाट चढायचा म्हणजे आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. भाईंनी तुळशीपुढे नारळ ठेवला. बाकी सगळे हात जोडून, दर मागण्याला 'व्हय' म्हणायला मागे उभे राहिलो. गाऱ्हाण्यात अडचण नाव घेऊन सांगावी लागते, मोघम चालत नाही.

"हे देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां नातीच्या बारशाक घाट चढान जातत, त्यांची राखण कर."

"व्हय म्हाराजा!"

"सुशीलाक गाडी लागता, ता तिचा दुखणा आज आड येव नये."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मीही म्हणाले. इतकी वर्षं माणसांशी खोटं बोलले, आता थेट देवाशी.

एक आवाज कमी पडला होता. भाईंनी मागे पाहिलं. "सुदेश, व्हय म्हण मरे."

ह्यांनी हात जोडलेलेच होते, पण नजर नारळावर.

"भाई, तिका गाडी लागना नाय," हे म्हणाले. "कधीच लागाक नाय. माझ्यासाठी ती खोटा बोलता."

संचितानं जोडलेल्या हातांतलं फडकं बॉनेटवर ठेवलं.

"माका घाटाची भीती वाटता. काय एक झाला नाय, तरी वाटता. अकरा वर्सां झाली. ता सांग देवाक."

भाईंनी घसा साफ केला, पुन्हा तुळशीकडे तोंड केलं आणि नारळ उगाच जरा सरळ केला.

"हे देवा म्हाराजा, आमच्या सुदेशाक घाटाची भीती वाटता…"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी म्हणाली ती शेवंती, माझ्या हातातलं पुडकं काढून ह्यांच्या हातात देत.