टेरेन्सच्या कंबरेचा ठोकळा

अल् घुब्रात राहणाऱ्या टेरेन्स तुस्कानोने ओमानमध्ये इतक्या वर्षांत गाडीला क्वचितच कुलूप लावलं असेल. गाडी चालू, एसी चालू, चावी तशीच, आणि हा दुकानात निवांत कोथिंबीर निवडतोय. हॉटेलात विसरलेला मोबाइल त्याला दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर मिळाला होता. अशा माणसाने पिस्तूल निवडायला बसावं हे जरा विचित्रच, पण त्यामागे कारण होतं.

टेक्सासमधल्या मोठ्या भावाने, अ‍ॅलनने, त्याच्यासाठी कधीकाळी भरलेला व्हिसाचा अर्ज एकदाचा मंजूर झाला आणि टेरेन्स आणि त्याची बायको फेलिशिया हे वसईचं जोडपं अमेरिकेच्या तयारीला लागलं. फोनवर अभिनंदन करता करता अ‍ॅलन म्हणाला, "आणि हे बघ, इथे आलास की एक छोटं पिस्तूल घेऊन टाक. कपड्यांखाली लपेल असं. सगळे ठेवतात."

"कशाला, दादा?"

"अरे, सगळे ठेवतात म्हणून!"

टेरेन्सला ते पटलं. त्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून आला की तो पिस्तुलांचे व्हिडिओ लावून बसे. लहान पिस्तूल छान लपतं, पण मुठीत नीट धरता येत नाही आणि उडवताना झटका जोराचा देतं. मोठं धरायला बरं, पण शर्टाखालून डोकावतं. जेवताना तो हात पुढे करून विचारी, "फेलिशिया, माझा पंजा मोठा म्हणायचा की मध्यम?"

"सार वाढू का अजून?" फेलिशिया म्हणे.

व्हिडिओतला एक टकला गोरा सांगत असे की घेण्याआधी तेवढ्याच आकाराची वस्तू कंबरेला खोचून काही दिवस वावरून बघा. टेरेन्स एका एसीच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तिथल्या पॅकिंगच्या लाकडातून त्याने एक ठोकळा कापला आणि वजनासाठी त्यावर लोखंडी पट्टी ठोकली. बंदुकीचा आकार मात्र मुद्दामच दिला नाही. पोलिसांनी विचारलंच तर निदान बोलायला जागा राहावी. मग ठोकळा पँटच्या आत उजवीकडे खोचून, वरून शर्ट सोडून तो हिंडायला लागला.

चर्चमध्ये गुडघे टेकताना ठोकळा पोटात असा रुतला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या बाकावरच्या बाईने फेलिशियाला हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

कामावर कोणी काही विचारलं नाही. मात्र तो पेटी उचलायला वाकला, तसा स्टोअरमधला त्याचा सोबती, दापोलीचा बदरुद्दीन, धावत आला.

"ठेव खाली! मी घेतो. माझ्या मामूंना पण हेच झालं होतं. त्यात लाजायचं काय?"

"काय झालं होतं?"

"हर्निया. एवढा फुगवटा दिसतोय, आम्हाला काय डोळे नाहीत?"

टेरेन्सने शर्ट खाली ओढला. पिस्तूल लपवायची सवय करतोय, असं ओमानमध्ये सांगायचं तरी कसं? "हो रे," तो पुटपुटला, "जरा त्रास आहे खरा."

झालं, बातमी सगळीकडे पसरली. इमारतीचा वॉचमन त्याच्या हातातल्या पिशव्या घेऊ लागला. वरच्या मजल्यावरच्या कुबराबाईंनी पचायला हलकी म्हणून खिचडी पाठवली. मॅनेजरने न मागता सुट्टी दिली. एवढी माया बघून टेरेन्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ठोकळा त्याने काढला नाही. एकाएकी बरं कसं वाटणार?

शेवटी बदरुद्दीन त्याचं ऐकेना. "यल्ला, चल, बस गाडीत," म्हणून थेट दवाखान्यातच घेऊन गेला. टेरेन्स आधी बाथरूममध्ये शिरला, ठोकळा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हलका होऊन टेबलावर आडवा झाला. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं, खोकायला सांगितलं, पुन्हा दाबलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"हर्निया. पण डावीकडे आहे. तुमचे मित्र उजवीकडे म्हणत होते."

ऑपरेशन झालं. विमानाची तारीख पुढे गेली. कंबरेला बरेच महिने काहीही आवळायचं नाही, अशी ताकीद मिळाली. पलंगावर पडल्या पडल्या टेरेन्सने अ‍ॅलनला फोन लावला. फेलिशिया शेजारी सफरचंद कापत होती.

"दादा, कंबरेचं तर आता खलास. तू कुठे ठेवतोस तुझं? खिशात?"

"माझं? माझ्याकडे कुठलं? तुझी सॅन्ड्रावहिनी घरात येऊ देत नाही असलं काही."

"पण सगळे ठेवतात म्हणालास ना?"

"सगळे म्हणजे... बाकीचे."

टेरेन्सने फोन ठेवला. त्याला हसू येत होतं, पण हसलं की टाके ताणले जात होते. इतके दिवस त्या गोऱ्याचं ऐकलं, मूठ मोजली, पोटाला वळ पाडून घेतले, ते सगळं कोणासाठी, हे त्याला कळेना.

"ते एक हलकं होतं ना," फेलिशिया म्हणाली, "परवा तू दाखवलेलंस. पर्समध्ये मावेल असं."

"त्याचं काय?"

"बाकीचे ठेवतात, तर आपल्याकडे नको? फिक्या रंगात मिळतं का बघ."

टेक्सासला गेल्यावर पिस्तूल फेलिशियानेच घेतलं. नेम चांगला आहे म्हणतात. सॅन्ड्राकडून जेवायला बोलावणं आलं, की तेवढी पंचाईत होते.