मळक्या गाडीचा फोटो

यजमानांनी मोटरसायकलच्या एका पेटीत दोघांचे मिळून पाच दिवसांचे कपडे कोंबले आणि दुसरी पेटी गाडीच्या सामानाला दिली. गाडीचं सामान म्हणजे पाना-पकड नव्हे. तीन रंगांची तीन फडकी, शाम्पू, चेनचं तेल, मेणाची डबी, आरे घासायला जुने टूथब्रश आणि कान साफ करायच्या काड्यांचं नवंकोरं पाकीट. ब्रेकच्या सांध्यात फडकं जात नाही, काडी जाते. बायकोने एक शाल ठेवायला मागितली, तर "जागा कुठाय?" असं उलट तिलाच विचारलं.

ती शाळेत ग्रंथपाल. मोटरसायकल क्लबच्या संमेलनाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पण त्या वाटेवर, बरोबर निम्म्यावर, तिच्या ताईचं घर होतं. ताई एकटी राहायची. बहिणींची तीन वर्षांत भेट नव्हती, आणि ताई फोनवर म्हणाली होती, "ये गं, तुला एक सांगायचंय. फोनवर नको." यजमानांनी एक दुपार कबूल केली होती. त्या एका दुपारसाठी ती अकराशे किलोमीटर मागच्या सीटवर बसायला तयार झाली.

लोक वाटेत पाठ मोकळी करायला थांबतात, यजमान नळ दिसला की थांबायचे. हेडलाइटवर किडे चिकटलेले असत. त्यांच्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद लावून दहा मिनिटं भिजत ठेवायचे आणि मग अलगद टिपून घ्यायचे, नाहीतर काचेला चरे पडतात. काचेला काय होतं हे त्यांनी तिला शंभरदा सांगितलं असेल. तिच्या कंबरेला काय होतंय हे एकदाही विचारलं नाही. चिखल लागला की ते तिला उतरवत आणि हलकी झालेली गाडी कडेकडेने जपून काढत. ती घोटाभर चिखलातून मागाहून पोचली की म्हणत, "पाय पुसून बस."

दुसऱ्या दिवशी बाराला ताईचं घर आलं. जेवणं झाली. दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या. ताईने तिचा हात हातात घेतला, "हे बघ," म्हणाली, आणि अंगणातून हाक आली.

"ताई, जरा पाइप धरता का? हिचा हात हलतो."

बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? ताईने पाइप धरला. मग बादली आणली. मग जुना टॉवेल शोधायला गेली, तोवर यजमानांनी दोरीवरचा नवा ओढून चेन पुसलीसुद्धा. साडेचारला गाडी लखलखली आणि यजमान हेल्मेट चढवून तयार.

"ताई, सांग ना पटकन," ती म्हणाली.

"पटकन सांगण्यासारखं नाहीये गं," ताई म्हणाली.

उरलेली वाट ती रडत होती. हेल्मेटमध्ये धड नाकही पुसता येत नाही.

संमेलनात, हजार किलोमीटर गाडी चालवत येणाऱ्याला पितळी बिल्ला मिळायचा. यजमानांचा सगळा जीव त्या बिल्ल्यात. मैदानात चिखलाने माखलेल्या साठेक गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यात यजमानांची, शेवटच्या नळावर पुन्हा धुतलेली. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते उकिडवे बसले, मडगार्डच्या आतून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"ही चालवत आणली?"

"अकराशे चाळीस किलोमीटर!"

"की टेम्पोत घालून?"

सगळे हसले. यजमान लालबुंद झाले. त्यांनी मीटर दाखवलं, तर निघतानाचा आकडा मागितला गेला. फोनमध्ये निघतानाचे अठरा फोटो निघाले. सगळे टाकीच्या चकाकीचे, मीटर एकातही नाही.

"वहिनी, तुम्ही सांगा," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते मान्य."

"अगं, सांग की यांना!"

तिला इतका राग आला होता की त्या रागाचं तिला बरंच वाटलं.

"टेम्पोतून आणली," ती म्हणाली. "मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. चांगली ऐसपैस जागा होती."

यजमान फोनमधले अठरा फोटो पुन्हा चाळू लागले. अध्यक्षांना त्यांची दया आली असावी. त्यांनी तोड काढली. परतीचा प्रवास धरू. गाडी चालवत घरी न्यायची, वाटेत पाण्याचा थेंब लावायचा नाही, आणि पोचल्यावर मळक्या गाडीचा फोटो पाठवायचा. बिल्ला पोस्टाने येईल.

पहिल्या पेट्रोल पंपावर यजमान थांबले. तिथे म्हणाले, "का केलंस असं?"

"राग आला होता. मला ताईशी बोलायचंय, आणि आता गाडी धुवायची नाही म्हणजे बोलता येईल. नुसतं म्हटलं असतं, तर बोलू दिलं असतंत?"

त्यांनी सवयीने पेटीतलं फडकं काढलं आणि परत ठेवलं.

ताईच्या घरी पोचले तेव्हा गाडीचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. यजमान पायरीवर बसून गाडीकडे बघत राहिले. आत ताई सावकाश सांगत होती. पोटात गाठ आहे. येत्या आठवड्यात ऑपरेशन. जवळच्या माणसाची सही लागते, फॉर्म घरीच आणून ठेवलाय.

"परवा हेच सांगणार होतीस?"

"हो. पण हातात पाइप होता ना."

ती ताईला धरून खूप रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि यजमानांना सगळं सांगितलं. "मी इथेच राहतेय. महिना लागेल, नाहीतर दोन. तुम्ही निघा."

यजमान खरोखर हादरले. "डॉक्टर काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "पैसे वगैरे हवेत का?" मग त्यांची नजर गाडीवर गेली. सगळीकडे बोटभर धूळ आणि चिखल होता, फक्त ती बसायची तेवढी मागची सीट स्वच्छ होती.

"म्हणजे आता सीटवरपण धूळ बसेल," ते म्हणाले. "फोटोत एकसारखं दिसेल."

"दिसेल," ती म्हणाली आणि सही करायला आत गेली.