माझ्या पोटात हवा नव्हती

मित्रांनो, दोन मजली घराएवढी उंच अशी मी एक जुनी पोलादी टाकी. मेलबर्नच्या पश्चिमेला, ओढा समुद्राला मिळतो तिथे, एका रसायनांच्या कारखान्यामागे मी उभी आहे. कारखान्याचे सांडपाणी साफ करणे हे माझे काम होते.

पत्रे जोडून मला उभे केले, तेव्हा माझ्या पोटात प्लास्टिकची हजारो कडी भरली. मग डुकरांच्या फार्मवरून आणलेला काळा गाळ ओतला. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. त्यांना हवा सोसत नाही. कड्यांना चिकटून, अंधारात बसून ते पाण्यातले विष खात. खाऊन झाले की जळणारा वायू सोडत. त्यावर कारखान्याचा बॉयलर चाले.

माझी देखभाल नाझू फारूजाकडे होती. तो माल्टाचा. टकला आणि बडबड्या. रोज सकाळी माझ्या अंगावर थाप मारून विचारी, "काय गं म्हातारे, पोट बरंय ना?"

टोंगाचा धिप्पाड फिटर कलाफी त्याला हसे. "लोक बायकोची चौकशी करतात, हा टाकीची करतो!"

"बायको उत्तर देते रे बाबा," नाझू म्हणे. "म्हणून हिला विचारतो."

मग दोघे माझ्या सावलीत बसत. नाझूच्या डब्यातल्या रिकोटा चीज भरलेल्या पास्तित्सी, म्हणजे माल्टाकडच्या करंज्या, निम्म्याहून जास्त कलाफीच खाई.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात ओढ्याची दुर्गंधी गेली. पुढे पेलिकन परतले. नगरपालिकेची माणसे आली, माझ्यासमोर फोटो काढले. मला फार अभिमान वाटला.

पण कारखाना वाढला. दुप्पट पाणी येऊ लागले, मी मात्र तेवढीच राहिले. गाळ साचून कड्यांमधल्या वाटा बुजल्या. नाझू व्यवस्थापक रॉडनीला सांगून थकला.

"ती गुदमरतेय, रॉडनी. एकदा रिकामी करून धुवायला हवी."

"पुढच्या सुट्टीत बघू. आत्ता कारखाना बंद ठेवता येणार नाही."

ती पुढची सुट्टी अनेक वर्षे आलीच नाही. शेवटी एका ईस्टरच्या सुट्टीत मी पार तुंबले, तेव्हा मला रिकामे केले. बुडाशी असलेले गोल झाकण उघडले. आत गाळ होता, आणि गाळात दबलेला विषारी वायू. आधी पंख्याने हवा मारायची, मग वायू मोजायचा, मगच माणूस आत जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. पण पंखा दुसऱ्या कामावर गेला होता.

"उद्या येईल," रॉडनी घड्याळाकडे बघत म्हणाला. "पण सुट्टी संपली की कारखाना सुरू व्हायलाच हवा. वरून सारखे फोन येतायत."

नाझू सुरक्षेचा दोर आणायला गोदामात गेला होता. कलाफीने झाकणातून डोकावून पाहिले. "मघाशी वास होता, आता तर काहीच नाही. तेवढा तुंबलेला पाइप मोकळा करतो नि आलोच."

मित्रांनो, तो वायू आधी नाक मारतो, मग माणूस. कलाफी आत आला, गाळात पाय रुतवून पाइपाकडे वाकला, आणि तसाच कोसळला. मला ओरडायचे होते. टाकीला तोंड नसते.

नाझू परतला. त्याला आत फक्त कलाफीचे बूट दिसले. हातातला दोर त्याने तिथेच टाकला. रॉडनीने त्याचा सदरा धरला. "थांब! बंबवाले निघालेत!"

"तोवर तो राहील का?" सदरा हिसकून नाझू आत शिरला. एवढे मोठे धूड त्याने कसे ओढले कोण जाणे. कलाफीचे खांदे त्याने झाकणाबाहेर ढकलले, रॉडनीने त्याला खेचून घेतले. मग नाझू माझ्या भिंतीला टेकला आणि खाली बसला. पुन्हा उठला नाही.

पुढे चौकशी झाली. अधिकारी माझ्यापाशी आले. नाझूची बायको जीझाही आली होती. रॉडनी मान खाली घालून म्हणाला, "त्याला नियम पाठ होते, तरी तो आत गेला."

"नियम सगळ्यांनाच पाठ होते," जीझा म्हणाली. "माणूस पडला होता, म्हणून तो गेला."

कलाफी तिच्या मागे उभा होता. "ताई, मी..." एवढेच म्हणून तो रडू लागला. जीझाने त्याच्याकडे पाहिले नाही, पण त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

त्यानंतर मला पाणी मिळाले नाही. माझ्यातले ते जीव वाळून मेले. माझ्या अंगावर गंज चढतो आहे.

मित्रांनो, तुम्ही नाक मुरडून जे टाकून देता, ते मी मुकाट्याने खाल्ले. त्याबद्दल काही मागत नाही. मागणे एवढेच, की आमच्यासारख्यांना वेळच्या वेळी साफ करा. आणि आमचे झाकण उघडाल तेव्हा माणसाच्या आधी हवेला आत पाठवा.