उंच होत जाणारे संगीतकार

प्रत्येक बैठकीला संगीतकार आदल्या बैठकीपेक्षा थोडे उंच भरत होते. पहिल्या दिवशी त्यांची हनुवटी मागच्या पियानोच्या कडेशी रेघेत होती. आता त्या रेघेत कोटाचे दुसरे बटण आले होते.

चित्रकार बाईंनी हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि कुंचल्याच्या दांड्यावर अंगठा सरकवून पुन्हा माप घेतले. तेच आले. वयामुळे मोजमाप चुकू लागले की कुंचला कायमचा खाली ठेवायचा, असा शब्द त्यांनी आपल्या मुलाला दिला होता. आणि मुलगा असले शब्द विसरणाऱ्यांतला नव्हता.

"काय बाई, डोळा मारताय का मला?" संगीतकारांनी विचारले.

"तेवढे बरे दिवस नाही आले माझे. हलू नका."

बाईंनी मग संशय शास्त्रशुद्ध रीतीने वाटून घेतला. त्यांनी पियानो मोजला, खिडकी मोजली, दोन्ही चित्राशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. म्हणजे डोळा शाबूत होता आणि खोली जागच्या जागी होती. उरले संगीतकार. ऐंशीच्या घरातला माणूस बसल्या बसल्या वाढतो, याला आधार नव्हता.

"जरा उठा बघू."

"आता? गुडघे धरलेत हो."

"मगाशी चहाला टुणकन उठलात, तेव्हा सोडले होते वाटतं?"

ते कुरकुरत उठले. बाईंनी खुर्चीवरची उशी उचलली. खाली त्यांच्याच स्वरलिपींचे जाडजूड गठ्ठे रचलेले होते.

"वाजवत तर कोणी नाही," संगीतकार म्हणाले, "निदान बसायला तरी."

"पण कशासाठी?"

"नाकाचं काय केलंत ते बघायला. नाक माझं नाहीये ते. आमच्या थोरल्या काकांचं आहे."

बाईंनी वळून पाहिले. चित्र काढताना त्या उभ्या राहत, त्या जागेच्या पाठीमागे काचेचे कपाट होते. त्या काचेत चित्राचे प्रतिबिंब पडत होते, खुर्चीवरून पाहताना कॅनव्हासची वरची कड आड येत होती, आणि ती ओलांडायला संगीतकार दर बैठकीला आपली एकेक रचना उशीखाली सरकवत होते.